उजव्या गुडघ्याची वाटी

'वाटीला विचारणे' हा वाक्प्रयोग कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. तो शरीररचना शिकणाऱ्यांचा आहे, आणि पुढचा प्रकार कळायचा तर तो आधी नीट समजून घेतला पाहिजे. गुडघ्याच्या पुढच्या अंगाला जे चपटे, तिकोनी, पाय सैल सोडला की कातडीखाली सरकणारे हाड असते, त्याला आपण वाटी म्हणतो. म्हणतो खरे, पण तिच्यात चमचाभर पाणीही राहायचे नाही. शास्त्राने तिला जान्वस्थी असे भारदस्त नाव दिले आहे. ते परीक्षेच्या सकाळपर्यंत लक्षात राहते.

सुटे हाड हाती आले की ते उजवीकडचे की डावीकडचे हे ओळखावे लागते. मांडीचे हाड असो की खांद्याचा फरा, त्यांवरच्या खुणा पाहाव्या लागतात, तर्क लढवावा लागतो. वाटीचे तसे नाही. ती टेबलावर ठेवायची, टोक आपल्यापासून दूर, गुळगुळीत पाठ खाली, आणि बोट काढून घ्यायचे. ज्या बाजूला ती कलते त्या बाजूच्या पायाची ती. तिच्या पाठीवर दोन उतार असतात, बाहेरचा मोठा नि आतला लहान. मोठ्या उतारावर ती कलंडते, इतकेच. यात गूढ काही नाही. विद्यार्थी मात्र म्हणतात, वाटीला विचारा, ती सांगेल.

आता मूळ गोष्ट. त्या वर्षी मी तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालेली होते. तिसरी संधी शेवटची होती. तीही हुकली तर अभ्यासक्रमातून नाव कमी होणार, असा नियम होता आणि तो सूचनाफलकावर काचेआड लावलेला होता. लेखी परीक्षेचे मला भय नव्हते. रक्ताभिसरणावरचे माझे उत्तर तर वर्गात वाचून दाखवले गेले होते. घोडे अडत होते ते एकाच ठिकाणी. बाहेरून येणारे परीक्षक प्रत्येकाच्या हातावर एक हाड ठेवत आणि विचारत, "कोणत्या बाजूचं?" मी उत्तर देई. ते बरोबरही असे. मग ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत आणि शांतपणे म्हणत, "नक्की? पुन्हा बघा."

एवढे ऐकले की माझ्या पायांखालची फरशी निसटे. मी पुन्हा बघे आणि उत्तर बदले. दोन्ही वेळा असेच झाले होते.

मी तेव्हा आत्याकडे राहत होते. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घरीच शिवणकाम करी, आणि तिच्या यंत्राच्या आवाजावर मी नाडीचे ठोके मोजायला शिकले होते. तिला माझ्या नापास होण्याचे कोडे उलगडत नसे.

"ते काय फौजदार आहेत?" ती म्हणे. "एकदा सांगितलंस ना? मग तोंड मिटून बसायचं."

"पण आत्या, ते विचारतात ना, नक्की का म्हणून."

"मला गिऱ्हाइकं रोज विचारतात, उद्या नक्की का म्हणून. मी काय उत्तर बदलते?"

दुसऱ्या परीक्षेच्या आधी तिने माझ्या कोटाच्या उजव्या बाहीवर लाल दोऱ्याचे दोन टाके घालून दिले होते, उजवी बाजू विसरू नये म्हणून. त्याचाही उपयोग झाला नाही. परीक्षकांसमोर उभी असताना मला आठवले की टाके घालताना आत्या माझ्या समोर बसली होती. मग उजवी बाही माझी की तिची, हा विचार डोक्यात शिरला आणि तिथेच सगळे संपले.

तिसऱ्या परीक्षेला बारा दिवस उरले असताना एका दुपारी मी अस्थिसंच आणायला महाविद्यालयाच्या भांडारात गेले. संच म्हणजे लाकडी पेटी, आणि तिच्यात माणसाची एकाच बाजूची हाडे. दुसरी बाजू पहिलीचेच प्रतिबिंब असल्यामुळे एका सांगाड्यात दोन विद्यार्थ्यांचे भागते. भांडार तळघरात होते. तिथे डांबराच्या गोळ्यांचा, खडूच्या भुकटीचा आणि रोगणाचा वास कायमचा मुरलेला होता. भांडार सांभाळणारे काका एका बरगडीला ब्रशने रोगण लावत बसले होते.

"एकच पेटी उरलीय," ते मान वर न करता म्हणाले. "उजवी."

"चालेल की, काका."

"न चालायला काय झालं? सगळी हाडं आहेत, एकालाही तडा नाही. फक्त वाटीला एकदाच विचारायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदा. दोनदा विचारलेलं तिला खपत नाही. मानी आहे."

"अहो काका, हाड मानी कसं असेल?"

"आतापर्यंत चौघांनी पेटी परत आणून दिली. त्यांनीही नेताना हेच विचारलं होतं." त्यांनी वही पुढे सरकवली. "इथं सही करा. डावीकडच्या रकान्यात. ...अहो, डावीकडच्या."

घरी येऊन मी आत्याच्या कापड बेतायच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि हाडे मांडली. भर दुपार होती. खिडकीतून ऊन येत होते, आत्याचे यंत्र एका लयीत चालले होते. मी वाटी ठेवली, टोक दूर, पाठ खाली, आणि बोट काढून घेतले.

टक्. उजवीकडे.

पेटी उजवी, वाटी उजवी. कोणाही सुज्ञ माणसाने ती उचलून ठेवली असती आणि पुढचे हाड घेतले असते. पण माझ्या स्वभावाला औषध नव्हते. नक्की? असे मी स्वतःलाच विचारले, आणि वाटी पुन्हा ठेवली.

या वेळी ती कललीच नाही. दोन उतारांच्या मधल्या कण्यावर ती तोल सांभाळून उभी राहिली, जशी कोणतीही वाटी राहत नाही. रोगणाचा वास एकाएकी दाट झाला. मग, एखादा माणूस पाहुण्याकडे पाठ फिरवतो तशी, ती सावकाश डावीकडे वळून कलंडली.

आत्याचे यंत्र थांबले.

"कोण आलंय गं?"

"कुणी नाही."

"मग जिन्यावर कोण आहे?"

मी कान दिला. जिन्याच्या लाकडी पायरीवर पाऊल वाजले. मग काही नाही. मग पुन्हा पाऊल. मग काही नाही. दोन पावलांमधली ती शांतता नेमकी एका पावलाएवढी होती. म्हणजे दुसरा पाय आपल्या वेळी पुढे पडत होता, फक्त वाजत नव्हता. ठक्... ... ठक्... ... उघड्या दारातून तो आवाज आत आला, फरशीवरून माझ्या खुर्चीपर्यंत आला आणि माझ्या पाठीशी थांबला. दारातून आत आले ते फक्त ऊन होते.

आत्याने सुई पिनगादीत खोचली आणि माझ्या डोक्यावरून मागच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ निरखून पाहिले.

"लंगडा नाही," ती हलकेच म्हणाली. "लंगडणारा पाय घासत येतो. हा... हा अर्धाच आहे."

"आत्या..."

"पेटी अर्धीच आणलीस ना? मग पूर्ण कुठून येणार?"

त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही. आत्या नेहमीप्रमाणे घोरली. पुढच्या दिवसांत तो माझ्या मागे सगळीकडे येऊ लागला. मी पाणी प्यायला उठले की तो उठे, मी जिना उतरले की तो उतरे, वाचनालयात मी बाकावर बसले की शेजारच्या बाकाची एकच बाजू करकरे. आत्या मात्र दोन दिवसांत सरावली. "अहो, जरा बाजूला व्हा, कापड पायाखाली येतंय," असे ती टेबलाजवळच्या रिकाम्या जागेला बजावी, आणि ठक् असा आवाज होऊन तिला जागा मिळे. "तुझ्यापेक्षा ऐकतो," असे वर मला सुनावी.

चौथ्या दिवशी माझा एक सहाध्यायी अभ्यासाला आला. त्याला सगळे बरगडी म्हणत, कारण त्याने हात वर केले की सदऱ्यातूनही बाराच्या बारा जोड्या मोजता येत. पुस्तक उघडून तो मेंदूतून निघणाऱ्या चेतातंतूंची नावे घडाघडा म्हणू लागला आणि मध्येच थांबला.

"तुमच्याकडे कोणी पाहुणे आलेत का?"

"आलेत," मी म्हणाले.

"कुठं आहेत?"

"तुझ्या मागं."

तो हसला. मग ठक् वाजले, आणि हसू तसेच तोंडावर राहून बाकीचा चेहरा पांढरा पडला. "मी कुणाला काही सांगणार नाही," एवढे बोलून तो पुस्तक तिथेच टाकून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या महाविद्यालयाला खबर होती, आणि तिच्यात पाहुण्याची उंची छतापर्यंत पोचली होती.

मी पेटी घेऊन भांडारात गेले. ठक् आणि शांतता, ठक् आणि शांतता माझ्यामागून तळघरात उतरली. काकांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या मागे पाहिले, आणि ब्रश रोगणाच्या डब्यात उभा केला.

"दोनदा विचारलंत."

"...हो."

"मग तो येणारच. आपल्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नाही, की माणूस स्वतः जातो सांगायला. जिवंत माणसंही जातात."

"आता जाणार कसा?"

"बाकीच्या चौघांच्या मागून गेला, तसाच. एखाद्यानं तुम्हाला काही विचारलं, तुम्ही एक उत्तर दिलंत, आणि त्यावर उभ्या राहिलात, की निघेल. तुम्हाला एकदा सांगितलेलं पुरतं, एवढी खात्री पटली पाहिजे त्याची."

"कुणी म्हणजे... परीक्षकांनी विचारलं तर?"

"झकास."

"आणि मी पुन्हा उत्तर बदललं तर?"

काकांनी वही उघडून रकान्यांवरून बोट फिरवले. "पेटी परत करता येते," ते म्हणाले. "त्याला कुठल्या रकान्यात जमा करून घेऊ मी?"

म्हणजे आता प्रश्न नुसता नाव कमी होण्याचा राहिला नव्हता. नापास होऊन मी घरी बसले असते तर एकटी बसले नसते. जन्मभर माझ्या पाठीशी अर्धा माणूस उभा राहिला असता, आणि तोही रागावलेला.

उरलेल्या दिवसांत आत्याने मला तालीम दिली. भाजी चिरता चिरता ती विचारी, "आज वार कोणता?" मी सांगे. "नक्की?" मी ओठ घट्ट मिटून घेई. सात दिवसांत मी तीनदा वार बदलला, आणि तिन्ही वेळा माझ्या मागे पाय जोराने आपटला गेला.

परीक्षा सकाळी होती. लांबट खोली, भिंतीला स्नायूंचे तक्ते, टेबलावर पांढऱ्या कपड्याने झाकलेले तबक. टेबलाच्या मागे बाहेरचे परीक्षक, आणि त्यांच्या शेजारी आमच्या विभागाच्या मॅडम. बाहेर जिन्यावर बरगडी आणि इतर मुले बसली होती. मी आत शिरले तेव्हा परीक्षकांनी मान वर केली.

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही, सर."

माझ्या खुर्चीमागे ठक् असे एकदाच वाजले आणि थांबले. परीक्षकांनी कपड्याखाली हात घातला आणि माझ्या तळहातावर एक हाड ठेवले. ती वाटी होती.

"कोणत्या बाजूची?"

मी ती टेबलावर ठेवली. टोक दूर, पाठ खाली. बोट काढून घेतले. टक्.

"उजवी."

त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "नक्की? पुन्हा बघा."

फरशी निसटली. ती नेहमीप्रमाणे निसटणारच होती. उजवी म्हणजे माझी उजवी की त्यांची, टोक दूर म्हणजे कुणापासून दूर, कोटाचा लाल टाका कोणत्या बाहीवर, हे सगळे एकदम डोक्यात घुसले, आणि माझा हात वाटीच्या दिशेने निघाला. माझ्या मागे कुणीतरी वाट पाहत होते. वाट पाहण्याला आवाज नसतो, पण भार असतो. तो मला मानेवर जाणवत होता. मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"बघितलंय, सर. एकदा विचारलं, तिनं सांगितलं. मी पुन्हा विचारणार नाही."

"विचारणार नाही," परीक्षक म्हणाले. "का? हाडाला वाईट वाटेल?"

"हो, सर."

मॅडमना खोकला आला.

"मग मीच विचारतो," असे म्हणून त्यांनी वाटी आपल्याकडे ओढली आणि मांडली. टक्. उजवीकडे. माझे उत्तर सिद्ध झाले होते. तिथे थांबायला हवे होते. पण वीस वर्षे विद्यार्थ्यांना जे सांगितले ते हाताच्या अंगवळणी पडले होते. त्यांनी ती पुन्हा मांडली.

ती मधल्या कण्यावर उभी राहिली. परीक्षक वाकले. त्यांनी टेबलावर फुंकर मारली. खिशातली पेन्सिल आडवी ठेवून टेबल सपाट आहे की नाही ते तपासले. पेन्सिल हलली नाही. मग वाटी सावकाश डावीकडे वळून कलंडली.

"हे... हे बघा..."

ठक्.

माझ्या मानेवरचा भार उतरला. पाऊल माझ्या खुर्चीमागून निघाले, टेबलाला वळसा घालू लागले. ठक्... ... ठक्... ... तक्त्यांवरून कसलीही सावली गेली नाही. परीक्षकांची नजर त्या आवाजाबरोबर टेबलाच्या कडेने फिरत गेली आणि त्यांच्या स्वतःच्या खांद्यापाशी येऊन थांबली. पुढे त्यांना मान वळवावी लागली असती. त्यांनी ती वळवली नाही.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "माझ्या मागं कोणी आहे का?"

"कुणी नाही, सर."

"नक्की?... पुन्हा बघा."

मॅडमनी पुन्हा बघितले. त्यांनी उत्तर बदलले नाही. खुर्ची मात्र हातभर लांब सरकवली.

"उजवी," परीक्षक माझ्याकडे पाहत म्हणाले. "उजवीच आहे. एकदा सांगितलंत, पुरे." त्यांनी गुण लिहिले आणि आणखी एकही प्रश्न न विचारता उठले. उठताना त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात दाबला आणि तो तसाच ठेवून, वाकून चालत बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग ते पाऊलही जिना उतरले. मला ते नंतर कधीच ऐकू आले नाही. मी उत्तीर्ण झाले, पुढे याच विभागात शिकवू लागले, आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी 'पुन्हा बघा' असे म्हटलेले नाही.

आज ही हकीकत वसतिगृहात सांगितली जाते ती बरगडीच्या तोंडून उतरलेली आहे, आणि तिच्यात चुका फार आहेत. भुताने परीक्षकांच्या कानात घोगऱ्या आवाजात 'उजवी' म्हटले, असे सांगतात. स्वरयंत्र मऊ कूर्चेचे असते, ते हाडांच्या पेटीत येत नाही. ज्याला ते नव्हते तो बोलणार कशाने? परीक्षक बेशुद्ध पडले हेही खोटे. मी स्वतः त्यांना उजवा गुडघा दाबून धरून चालत जाताना पाहिले.

पण या चुका मी हसून सोडून देते. एक तेवढी सोडवत नाही. सगळे धरून चालतात की त्या दिवशी टेबलावर आमच्याच पेटीतली ती मानी वाटी होती. ती नव्हती. आत्याने ती सकाळी काढून घेतली होती. "हिला नेऊ नकोस, हिचा नि त्या परीक्षकांचा खटका उडेल," असे म्हणून तिने ती बटणांच्या डब्यात ठेवली आणि मी परत येईपर्यंत डबा मांडीवर घेऊन शिवत बसली. तबकात काय होते हे मी काकांना विचारले. त्यांनी मांडलेली नऊ हाडे वहीत लिहिलेली होती आणि तीत वाटी नव्हती. साऱ्या वाट्या पेट्यांबरोबर विद्यार्थ्यांच्या घरी होत्या. परीक्षक गेल्यावर मॅडमनी नि मी टेबल आवरले, तेव्हा त्यावर पेन्सिल होती, वाटी नव्हती.

मी आजवर हजारो हाडे हाताळली आहेत. ती गार असतात, अगदी उन्हाळ्यातही. परीक्षकांनी माझ्या तळहातावर ठेवलेली ती वाटी कोमट होती.